आडनावातलं गाव

बी.एड.ला असताना मी एक खोटं बोलले होते. २००३ साल, पुणं. सराव पाठ संपवून आम्ही काहीजणी कॉलेजच्या पायऱ्यांवर डबे उघडून बसलो होतो. एकीने सहज विचारलं, "तुझं मराठी किती छान आहे गं! घरी काय बोलता तुम्ही?" मी म्हटलं, "उर्दू."

घरी आम्ही उर्दू बोलत नव्हतो. माझी दादी उर्दू बोलायची ती मौलवीसाहेबांशी आणि मुंबईहून आलेल्या पाहुण्यांशी, आणि तीही अशी की पाहुणे रुमालात हसू दाबायचे. घरात होती कोकणी. गोव्याची नव्हे, आम्हा कोकणी मुसलमानांची, रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची. तिचा सांगाडा सगळा मराठीचा. फक्त 'ण' नाही, 'ळ' नाही, आणि क्रियापदं आपल्या मर्जीने चालतात. मग मी उर्दू का म्हटलं? कारण कोकणी म्हटलं असतं तर समजावून सांगावं लागलं असतं. शुद्ध मराठीवाल्यांसमोर आमची बोली अशुद्ध आणि उर्दूवाल्यांसमोर गावंढळ. उर्दू म्हटलं की समोरच्याचं समाधान होतं. मुसलमान आहे, उर्दू बोलते, विषय संपला.

विषय संपला नव्हता. पुढे म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले (उर्दूचे शिक्षक रजेवर गेले की उर्दूही), तेव्हा ते खोटं माझ्याबरोबर रोज वर्गात यायचं. मुलं वहीत 'पानी' लिहायची, 'शाला' लिहायची, मी लाल पेनाने 'पाणी', 'शाळा' करायची. एका वहीत तीस-चाळीस लाल गोल. उर्दू लिपीत 'ण' ला अक्षर नाही आणि 'ळ' लाही नाही. नून आणि लाम यांच्यावरच भागवावं लागतं. घरच्या बोलीत हे दोन उच्चार नाहीत, शिकण्याच्या लिपीत ही दोन अक्षरं नाहीत, आणि परीक्षेत मराठीच्या पेपरात त्यांच्यावाचून सुटका नाही. मुलांची ही अडचण मला बी.एड.च्या कुठल्याच पुस्तकाने सांगितली नव्हती. मला ती माहीत होती, कारण ती माझीही होती. तरी मी लाल गोल काढत राहिले. आता वाटतं, त्या प्रत्येक गोलात माझं पुण्याचं उत्तर होतं.

मग एका वर्षी मी नववीला एक काम द्यायला सुरुवात केली. विषय सोपा: माझं आडनाव. ते कुठून आलं, त्यात गाव आहे का, काम आहे का, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा. उर्दूच्या वहीत मथळा 'शनाख्त', मराठीच्या वहीत 'ओळख'. या दोन शब्दांत मला मराठीचा जास्त आवडतो. शनाख्त म्हणजे कोण आहे हे ठरवणं. कागदाशी ताडून पाहणं. ओळख मात्र दोन माणसांत होते. आपण म्हणतो, माझी त्यांची जुनी ओळख आहे. एकट्याची ओळख होत नाही, समोर कोणीतरी लागतं.

पहिल्याच वर्षी मुलांनी इतकं आणलं की मला आवरेना. काझी, खतीब, मुकादम, नाखुदा ही आडनावं कामावरून. देशमुख आणि सरखोत ही मानाची. मग गावावरून पडलेली, शेवटी 'कर' लावलेली, ढिगाने. एका मुलाने आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, आणि त्यावर 'जिल्हा कुलाबा'. वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊकच नव्हतं की आपल्या जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. ते बदलून रायगड केलं तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर ए. आर. अंतुले, आमच्याच म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. राज्याला मिळालेला पहिला मुसलमान मुख्यमंत्री आपल्या जिल्ह्याला शिवाजी महाराजांच्या राजधानीचं नाव देतो. त्यामागे राजकारण असेल, कुठल्या नावामागे नसतं? पण त्या माणसाला हे नाव परक्याचं वाटलं नाही, एवढं नक्की. मी मुलांना यावर भाषण दिलं नाही. दाखला हातोहात फिरवला आणि म्हटलं, घडीवर बोट लावू नका.

मग शब्द. मुलं घरातून शब्द आणायला लागली. मुरूडच्या समोरचा जंजिरा म्हणजे अरबीतला जजीरा, बेट. कोळी आपल्या बोटीच्या मालकाला नाखवा म्हणतो तो फारसीतला नाखुदा. मोसम अरबी. जुन्या गलबतांवर वाट दाखवणारा मालम असायचा, तो मूळ मुअल्लिम, म्हणजे शिक्षक. हे कळल्यावर मुलांनी मला आठवडाभर 'मालम टीचर' म्हटलं. मी रागावल्यासारखं केलं.

मी फळ्यावर दोन खाने केले. एकीकडे समुद्राचे आणि मशिदीचे शब्द: ते बहुतेक अरबी, फारसी. नमाज आणि रोजा हेसुद्धा फारसी, अरबी नव्हेत. अरबांत सलात आणि सौम. दुसरीकडे चुलीचे: भात, भाकरी, विळी, पाटा, वरवंटा, उखळ, सूप. एकही बाहेरचा नाही. मुलींपैकी एक पटकन म्हणाली, "टीचर, म्हणजे आपले बाप दर्यातून आले आणि आया इथल्याच होत्या." मी तीन रविवार खपून जे सांगण्याची तयारी केली होती, ते तिने एका वाक्यात उरकलं. कोकणी मुसलमान शाफई आहेत, बाकीच्या महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान हनफी, हेही त्याच दर्यामुळे. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरून वारा धरून माणसं यायची, पाऊस लागला की समुद्र बंद, मग इथेच थांबायची. थांबलेल्यांनी घरं केली. फिक्ह बापाकडून आली, बोली आईकडून.

एकदा सहल काढली. दिघीहून फेरीबोटीने खाडी ओलांडून आगरदांड्याला, तिथून मुरूड, कोर्लई, रेवदंडा, चौल, आणि अंधार पडता पडता अलिबाग. जंजिरा बघून मुलं खूश झाली, पण मला दाखवायचं होतं ते कोर्लई. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल सोडून गेले. किल्ल्याखालच्या वाडीत त्यांची भाषा मात्र राहिली, मराठीच्या वळणाने वाकलेली. कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत अजून ती बोलतात, आणि तिला म्हणतात 'नॉ लिंग'. अर्थ फक्त एवढाच: आमची भाषा. दुकानावर दोन बायका बोलत होत्या, आमची मुलं कान टवकारून उभी. त्या मग आमच्याशी मराठीत बोलल्या, तुमच्यामाझ्यासारख्या. अलिबागला इस्राएल आळीतलं सिनेगॉग बाहेरून पाहिलं. बेने इस्राएल लोकांची कथा सांगितली. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, वाचलेली माणसं इथे राहिली, तेल गाळायला लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून शनिवार तेली झाली. आडनावं घेतली किहीमकर, रोहेकर, पेणकर. यातले बहुतेक आता इस्राएलमध्ये आहेत. तिथे कोणाचं किहीम आणि कोणाचं पेण? तरी आडनाव तेच. आमच्या हबसाणातून केपटाऊनला गेलेल्यांचंही तसंच.

परतीच्या गाडीत मुलं गाणी म्हणत होती आणि मी खिडकीला डोकं टेकून स्वतःवर खूश होते. पुण्याच्या पायऱ्यांवरचं खोटं मी फेडलं असं मला वाटत होतं.

एक मुलगी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली. मराठीत बोलली, आमच्या किनाऱ्यावर बोलली, सुरेख बोलली. बक्षीस देणारे पाहुणे माइकवर म्हणाले, "मुस्लिम असूनही या मुलीचं मराठी किती शुद्ध!" टाळ्या पडल्या. तिने वाकून नमस्कार केला. एस.टी.त माझ्या शेजारी बसली आणि घाट सुरू झाल्यावर म्हणाली, "टीचर, असूनही म्हणजे काय हो?" तिला अर्थ ठाऊक होता. मीच शिकवला होता: पाऊस असूनही तो आला, आजारी असूनही तिने पेपर दिला. म्हणजे अडचण होती, तरी झालं. मी म्हटलं, "ते कौतुक करत होते." ती म्हणाली, "हो." आणि बाहेर बघायला लागली. माणूस भला होता, मनात काही वाकडं नव्हतं. पण त्या दिवसापासून 'असूनही' हा शब्द मला खड्यासारखा लागतो. पुढच्या वर्षी मी आडनावाचं काम आणखी जोरात केलं. म्हटलं, मुलांना इतकं मुळापर्यंत नेऊन सोडायचं की कोणी असूनही म्हणालं तर त्यांना हसू यावं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातून आलेले, गावातल्या बेकरीत कामाला. मुलगा जन्मला इथल्याच सरकारी दवाखान्यात. सकाळी शाळेच्या आधी सायकलला टोपली बांधून चार वाड्यांत पाव टाकायचा. त्यामुळे कोणाच्या घरी किती माणसं, कोणाचा मुलगा कुवेतहून आला, कोणाच्या म्हातारीला फक्त खारी चालते, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आणि आमची कोकणी तो अशी बोलायचा की मुंबईत वाढलेल्या कोकणी पोरांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी.

त्याने वही दिली तेव्हा पान जवळजवळ कोरं होतं. वर 'माझं आडनाव: अन्सारी'. खाली एक ओळ: 'यात गाव नाही.'

मी वर्गात विचारलं, "अरे, घरी विचारलंस का?" तो उभा राहिला. "विचारलं टीचर. अब्बा म्हणाले, लिही काहीपण." मागून कोणीतरी हळूच "भय्या" म्हटलं आणि बाक हसले. मी दटावलं. तेव्हा त्याच्या बाकावरचा, त्याचा जिगरी दोस्त, त्याची बाजू घ्यायला म्हणून उठला आणि म्हणाला, "टीचर, भय्या असूनही हा आपल्यापेक्षा भारी कोकणी बोलतो."

कौतुक करत होता तो.

मुलगा बसण्याआधी मला म्हणाला, "मग मी कुठला, टीचर?" रागाने नाही. गणितात उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही की मुलं विचारतात तसं. घंटा झाली म्हणून मी सुटले.

त्या रात्री झोप आली नाही. इतकी वर्षं मी मुलांना आडनावातलं गाव शोधायला लावत होते आणि प्रत्येक वर्षी वर्गात दोन-चार मुलं अशी असायचीच, ज्यांच्या आडनावात गाव नव्हतं. शेख, खान, अन्सारी. ती मुलं काहीतरी लिहून द्यायची आणि मी बरोबरची खूण करून पुढे जायची. माझं कुंपण मला दिसलं नव्हतं कारण मी आतल्या बाजूला होते. आमचे पूर्वज गलबतातून आले याचा आम्हाला केवढा अभिमान! घरोघरी सांगतात, आम्ही बसऱ्याचे, आम्ही येमेनचे. त्याचा बाप रेल्वेच्या जनरल डब्यातून आला, तर तो भय्या. हजार वर्षांनी त्याच्याही घरात कोणी सांगेल, आम्ही गोदान एक्स्प्रेसने आलो.

दुसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली त्याच्या आडनावाची. मक्केतून लोक ६२२ साली हिजरत करून मदिनेला गेले, हातात काही नव्हतं. मदिनेच्या ज्या लोकांनी त्यांना आपल्या घरात घेतलं, आपलं अर्धं दिलं, ते अन्सार, मदत करणारे. उत्तरेकडच्या विणकरांनी एकोणिसाव्या-विसाव्या शतकात हे नाव आपलं म्हणून घेतलं. आमच्या भिवंडी-मालेगावात माग चालवणाऱ्यांतही ते आहे. म्हणजे आडनावात गाव नाही हे खरं. दुसऱ्याला गावात घेणारे लोक आहेत. सीरतची ही गोष्ट वर्गातल्या प्रत्येक मुलाला पाठ होती. ती बाकावर बसलेल्या मुलाशी कधी जोडली नव्हती, त्यांनीही आणि मीही.

दुसरी गोष्ट चौलची. सहलीत आम्ही तिथे नारळाच्या वाड्या बघून पुढे गेलो होतो. अल-मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी इसवी सन ९१६च्या सुमारास तिथे आला होता. 'मुरूज-अज्-जहब' या आपल्या ग्रंथात तो चौलला सैमूर म्हणतो. राज्य शिलाहार राजा झंझाचं. शहरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने नोंदलंय, आणि त्यांच्या कारभारासाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता, त्याला हुनरमन म्हणत. हे मुसलमान कोण, तर सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. आणि आणखी एक जात: बयासिरा. म्हणजे ज्यांचे आईबाप मुसलमान आणि जन्म हिंदमध्ये. हजार वर्षांहून जुनी ही नोंद, आणि त्यात इथे जन्मलेल्यांसाठी वेगळा शब्द आहे. बाप कुठून आला यावरून नाही, आपण कुठे जन्मलो यावरून पडलेलं नाव.

मी फळ्यावर लिहिलं: बयासिरा. मग विचारलं, "वर्गात कोण कोण?" आधी गोंधळ झाला, मग एकेक करत सगळे हात वर आले. त्याचाही. त्याने हात वर केला तो कोपरापर्यंतच, पण केला.

हे लिहिताना सगळं जुळून आल्यासारखं दिसतं, तसं झालं नाही. आठवड्याभरात पुन्हा मैदानात 'भय्या' ऐकू आलं. एका पालकांचा कुवेतहून फोन आला, "टीचर, या जुन्या गोष्टींनी पोरांना नोकरी मिळणारे का? इंग्रजी बोलायला शिकवा." त्यांचं चूक नाही. त्यांनी बावीस वर्षं तिकडे काढली, तिथे त्यांना आडनाव कोणी विचारलं नाही, फक्त पासपोर्ट. दुसरे एक गृहस्थ भेटायला आले. त्यांचं म्हणणं, आपण अरबांची औलाद, चुलीचे शब्द मराठी असले म्हणून काय झालं, टीचरनी असलं सांगून पोरांना गोंधळात टाकू नये. मी चहा दिला. चहाबरोबर घावन होतं, नारळाच्या दुधात बुडवून खाल्लं त्यांनी. मी काही बोलले नाही.

आणि निसर्ग वादळ. ३ जून २०२० ला ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं. शाळा उघडल्यावर एका मुलाने आडनावाऐवजी झाडांची यादी लिहून दिली: पडलेली पोफळ किती, नारळ किती, उभे किती. खाली लिहिलं होतं, 'लोक आम्हाला वाडीवाले म्हणतात. आता काय म्हणतील?' त्याला मी पैकीच्या पैकी दिले आणि त्याच्यापुढे बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. जागेने माणूस घडतो असं आम्ही सहज शिकवतो. जागा एका दुपारी निघून गेली तर काय, याचा धडा बालभारतीत नाही.

लाल पेनाचं मी काय केलं ते सांगायचं राहिलं. सोडलं म्हटलं तर पुन्हा खोटं बोलल्यासारखं होईल. दहावीचा पेपर तपासणाऱ्याला माझ्या मुलांची बोली ठाऊक नाही, तो 'शाला'चा मार्क कापणारच. म्हणून 'ण' आणि 'ळ' मी अजून दुरुस्त करते. पण पेन्सिलने, आणि गोल न काढता वर बारीक अक्षरात. शिवाय महिन्यातून एक निबंध घरच्या बोलीत. तो मी तपासत नाही, वाचून दाखवायला लावते. पहिल्यांदा मुलं लाजली. वर्गात कोकणी बोलायची म्हणजे त्यांना मस्करी वाटली. मग एका मुलीने तिच्या दादीने मासळी कशी निवडली ते वाचलं आणि वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातून सर बघायला आले. मीही एक लिहिला. वाचताना माझाच आवाज मला अनोळखी वाटला. वर्गात उभं राहून मी त्या बोलीत एवढं कधी बोललेच नव्हते.

आडनावाचं काम मी आता देत नाही. त्याऐवजी 'माझ्या घरातले दहा शब्द'. दोन रकाने: शब्द, आणि कुठून आला. गाव असो नसो, दहा शब्द प्रत्येक घरात असतात.

यंदा त्या मुलाची धाकटी बहीण नववीत आहे. तो स्वतः आता बारावी करतो, सकाळचा पाव अजून टाकतो, फक्त सायकलच्या जागी दुसऱ्याची स्कूटर आली. बहिणीने परवा यादी दिली. बाकी सगळ्या मुलांच्या यादीत एक शब्द होताच: दादी. माझ्याही यादीत तोच असता. वर लिहिलाच आहे मी. तिच्या यादीत तिसऱ्या ओळीवर होतं: आजी.

मी विचारलं, "हा शब्द तुला शाळेत मिळाला ना?" ती म्हणाली, "नाही टीचर. आमच्या गावाला, बस्तीला, अब्बांच्या आईला आजी म्हणतात. आजोबांना आजा. मी पहिल्यापासून आजीच म्हणते. मराठीच्या पुस्तकात बघितलं तेव्हा वाटलं, यांना कसं कळलं?"

मला माझे अब्बा आठवले. ते त्यांच्या म्हाताऱ्या आजीला आजीच म्हणायचे. दादी हा शब्द आमच्या घरात नंतर आला, मुंबईच्या पाहुण्यांबरोबर, रुमालात हसू दाबणाऱ्या त्या पाहुण्यांबरोबर. आम्ही बदललो आणि शब्द गेला. तो इतक्या लांबून जनरल डब्यातून परत आला, आणि माझ्या टेबलावर पडला आहे.

दुसरा रकाना तिने कोरा सोडला होता. "कुठून आला ते काय लिहू, टीचर?" तिने विचारलं. मी म्हटलं, वही ठेवून जा, उद्या सांगते. त्याला आज चार दिवस झाले.